तीन वेबसाइटची सामाईक फाईल

मित्रांनो, मी दिसायला काहीच नाही. राहात्याच्या एका कार्यालयात सर्व्हर नावाचा संगणक आहे. त्यातली चाळीस ओळींची जुनी फाईल म्हणजे मी. फाईलने रागवावे की नाही, मला ठाऊक नाही. पण मी रागावले आहे.

आठ वर्षांपूर्वी रोहिणीताईंनी मला लिहिले. त्या सर्व्हरवर तीन वेबसाइट चालतात: बाजारभावाची, टँकरच्या पाण्याची आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहाची. माहिती कुठे ठेवायची, मेसेज कसे पाठवायचे, हे तिघींना सांगणारी मी एकटीच. "ही भावकीतली विहीर आहे," ताई बजावायच्या, "कुणी एकट्यानं मोटर हलवायची नाही!" तेव्हा माझे कौतुक होई. पुढे ताई नोकरी सोडून गेल्या आणि ते बजावणेही गेले.

गेल्या माघात ताईंच्या जागी अमृत आला. बाजारभावाचे मेसेज तपासायला त्याने माझ्यात एक ओळ घातली: सगळे मेसेज अमृतच्याच मोबाईलवर पाठव. तपासणी झाली, ओळ तशीच राहिली.

त्याच आठवड्यात पाथर्डीच्या वसतिगृहात छोटी सृष्टी तापाने फणफणली. तिची आई मनकर्णाबाई बेलापूरकडे उसाच्या फडात. फोन लागेना, म्हणून अधीक्षिका ज्योतीताईंनी वेबसाइटवरून दोनदा मेसेज धाडला. दोन्ही अमृतकडे गेले. त्याने तपासणीचे समजून न वाचताच पुसले. पोर पाच दिवस दाराकडे बघत राहिली.

सहाव्या दिवशी गाववाल्याकडून कळले, तशा मनकर्णाबाई धावत आल्या.

"दोनदा कळवलं," ज्योतीताई फणकारल्या. "लेकीपेक्षा ऊस गोड लागला व्हय?"

"एक बी मेसेज न्हाई आला, बाई! ह्यो घ्या मोबाईल, बघा तुमीच."

ज्योतीताईंनी पाहिले आणि मान खाली घातली. सृष्टी मात्र भिंतीकडे तोंड करून पडली होती. आईने हाक मारली, तरी वळली नाही.

ज्योतीताईंचा फोन आला तेव्हा अमृत म्हणाला, "मी तर फक्त बाजारभावाचं बघत होतो!"

फक्त! माझ्यात 'फक्त' असे काही नसतेच, अरे!

त्याने ती ओळ काढली. माझ्या माथ्यावर नवी लिहिली: 'काही बदलण्याआधी तिन्ही वेबसाइटच्या माणसांना विचारा.' संगणक ही ओळ वाचत नाही, सोडून पुढे जातो. ती माणसांसाठीच आहे. मित्रांनो, उद्या तुम्ही मला उघडाल, तेव्हा तुम्ही तरी ती सोडून पुढे जाऊ नका.