गार झालो तर घेऊन जा

मी एक स्मोकर बोलतोय, कोंबड्या धुरावर भाजायचा. घरातले मला भट्टी म्हणतात, पाहुणे ‘तो काळा ड्रम’ म्हणतात, आणि गेल्या वर्षीपासून सगळेच ‘तो लहानवाला’ म्हणायला लागलेत. लहान आहे, मान्य. पण ते मी म्हटलं तर चालतं, दुसऱ्याने म्हटलेलं मला खपत नाही. तेव्हा आधी माझं ऐका, आणि ऐकताना झाकण उचलून आत डोकावू नका. ती सवय मला आवडत नाही.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. त्याआधी मी गॅरेजमध्ये हवेची टाकी होतो, टायर फुगवायच्या कामाला. वॉल्व्ह गेला म्हणून मला बाहेर काढलं आणि वेल्डरने उचलून आणलं. त्याने मला आडवं पाडलं, लांबीत चिरलं, वरच्या अर्ध्याला बिजागऱ्या लावून झाकण केलं, आत जाळी बसवली, एका टोकाला धुराडं काढलं आणि दुसऱ्या टोकाला हवेसाठी झडप ठेवली. ठिणग्या उडत होत्या आणि तो शीळ घालत होता. माणूस कामात चोख, पण एक चूक केलीच. शेडची फरशी उताराची होती आणि त्याने माझे चारही पाय तिथेच मापून कापले. त्यामुळे त्या शेडमध्ये मी ताठ उभा राहायचो, बाकी जगात कुठेही लंगडा. तेव्हापासून माझ्या मागच्या डाव्या पायाखाली एक चपटा दगड असतो. तो दगडही माझाच, हे लक्षात असू द्या.

वेल्डरने मला बनवलं ते त्याच्या धाकट्या बहिणीसाठी. तिला सगळं घर आत्या म्हणतं, ज्यांची ती आत्या नाही तेही. आठवडाभर ती एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रांधायची, आणि घरी चार माणसं जमली की तिथलं रांधणंही तिच्याच गळ्यात पडायचं. “आत गॅसपाशी एकटीच उकडून निघतेस,” वेल्डर तिला म्हणाला. “हा घे. बाहेर बस, माणसांत.” माझं काम काय ते त्याने एवढ्यातच सांगितलं होतं.

आत्याने माझा स्वभाव चार-दोन खेपांतच ओळखला. एक घमेलं कोळसा, त्यावर सुक्या लाकडाचे तीन तुकडे, झडप दोन बोटं उघडी. उष्णता मोजायचा काटा मला नाही. ती झाकणावर पाण्याचे थेंब उडवायची आणि ते किती वेळ नाचतात ते बघायची. मग स्टूल ओढून शेजारी बसायची, माझी राखण करायला. कारण या घराण्याची एक खोड आहे. जो येतो तो आधी माझं झाकण उचलतो, चपला काढायच्याही आधी. “झालं का?” असं विचारतो आणि अर्ध्या तासाची ऊब वाऱ्यावर सोडतो. आत्या चिमट्याने बोटांवर मारायची. तिथे वयाचा मुलाहिजा नव्हता, घरच्या जावयालाही एकदा प्रसाद मिळाला होता.

अशी एकोणीस वर्षं गेली. मधेच वेल्डर गेला, तरी वर्षातून तीन-चारदा सगळे इथे जमायचे. पण भाच्यांची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली, व्याही आले, विहिणी आल्या. बारा माणसांची एकतीस झाली. मी एका वेळी चार कोंबड्या घेतो. गेल्या खेपेला तीन घाणे काढावे लागले, आणि पहिल्या घाण्याची माणसं पोटभर खाऊन घोरायला लागली तरी तिसऱ्याची पानावर बसली नव्हती.

मग एका रविवारी चहाच्या वेळी सगळे माझ्याभोवती जमले. मला वाटलं, विचारपूस करायला आलेत. थोरल्या भाच्याने माझ्याच झाकणावर कॅटलॉग उघडला, मोठ्या स्मोकरचा. पानं उडू नयेत म्हणून वर चहाचे कप ठेवले.

“याला चाकं आहेत,” भाचा म्हणाला.

“आणि बाजूला फळी आहे, ताटं ठेवायला,” त्याची बायको म्हणाली. ती घरातली सून, शाळेत गणित शिकवते.

“पत्रा किती जाड आहे?” आत्याने विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. कॅटलॉगमध्ये तीन रंग दिले होते, पत्र्याची जाडी दिली नव्हती.

“झाकणावर काटा आहे ना, आत्या,” भाचा म्हणाला. “तुला आता थेंब उडवत बसायला नको. या खेपेला तू आपली आरामात बस.”

आत्याने दोन कप बाजूला केले आणि माझ्या झाकणावर बोटांनी टकटक केली. मग त्यांनी एक निवडला, माझ्याहून दुप्पट लांब आणि दुप्पट रुंद. माझा निकाल जाता जाता लागला. भंगारवाला रविवारी गल्लीत येतोच, पुढच्या खेपेला सगळे जमतील त्या दिवशी त्याला देऊन टाकू. वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. मला राग आला.

नवा आला तो चकचकीत आणि ऐटबाज. मला भिंतीला लोटलं. पोटात फुटक्या कुंड्या आणि एक बिनजोडीची चप्पल कोंबली. माझा दगड काढून त्याच्या चाकाला लावला, कारण चाकं असली की तो उतारावर पळतो. मी तिथे लंगडा उभा राहिलो आणि बघत राहिलो.

जमायचा दिवस उजाडला. आत्याला पायरीवर खुर्ची दिली होती. कोळसा कसा घालायचा याचा विचार सूनबाईंनी केला. “लहान्याला एक घमेलं लागायचं. हा दुप्पट आहे, म्हणजे दोन.” मी शाळेत गेलेलो नाही, पण टाकी म्हणून जन्म काढलाय, पोटात काय मावतं ते मला कळतं. दुप्पट लांब आणि दुप्पट रुंद, आणि पोट गोल म्हणून उंचीही दुप्पट, म्हणजे पोट आठपट. हेच ती वर्गात फळ्यावर शिकवत असणार, पण सुट्टीच्या दिवशी फळा कोणाला आठवतो? त्या दोन घमेल्यांच्या विस्तवाने नव्याचा काटा जरासा सरकला आणि जो बसला तो बसलाच.

साडेबारा झाले, एक वाजला. येणारा प्रत्येक जण झाकण उचलून बघत होता आणि चिमटा मारायला कोणी नव्हतं. आत बारा कोंबड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. भाच्याने घाईघाईत आणखी दोन घमेली वर ओतली आणि होता तो विस्तवही दडपून टाकला. पोरं रडकुंडीला आली. मोठी माणसं काकड्या खात एकमेकांना सांगत होती की भूक अशी काही लागलेली नाही.

आत्या पायरीवर हात मांडीवर ठेवून बसली होती. मग ती उठली. माझ्याकडे आली, कुंड्या बाहेर काढल्या, चप्पल भिरकावली. नव्याच्या चाकाखालचा दगड काढून माझ्या पायाखाली सारला.

“चाक धर,” ती भाच्याला म्हणाली, “नाहीतर जाईल फाटकाकडे.” तो बिचारा धरून उभा राहिला.

तिने मला कोळशाने काठोकाठ भरलं, पेटवलं आणि झडप सताड उघडली. वीस मिनिटांत मी लालबुंद झालो. आता कोंबड्या माझ्याकडे येणार, तीन घाण्यांत दाखवतो यांना, असं मनाशी म्हणत होतो. तर तिने खोरं उचललं आणि माझे निखारे त्या नव्याच्या पोटात टाकायला सुरुवात केली. मी इतका चिडलो की धुराडं थरथरलं.

सून जवळ आली. “आत्या, चुकलं माझं. आठपट धरायला हवं होतं.”

“बरं, आता खोरं धर,” आत्या म्हणाली.

तिने मला तीनदा भरलं आणि तीनदा उपसलं. काटा चढला. आत्या स्टूल घेऊन नव्याच्या झाकणाशी बसली, चिमटा हातात, आणि एकाचीही बोटं पुढे आली नाहीत. चार वाजता पानं मांडली. एकतीस माणसं एकदम जेवायला बसली, आणि त्यांच्या मधोमध आत्या बसली, समोर वाफाळतं ताट.

एकोणीस वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं. माझ्या काळात ती शेवटच्या घाण्यातलं उरलंसुरलं उभ्यानेच खायची, तोंड माझ्याकडे आणि पाठ माणसांकडे. वेल्डरने मला ज्या कामासाठी घडवलं, ते बारा माणसं होती तोवर जमलं असेल, पुढे नाही जमलं. ते या मोठ्याने पहिल्याच दिवशी केलं. हे मी कबूल करतो. एवढंच कबूल करतो, पुढे काही विचारू नका.

तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याची हाक आली. त्याला सांगून ठेवलेलं होतं. भाच्याने हात पुसत फाटक उघडलं. भंगारवाल्याने मला डोळ्यांनीच तोललं, खाली वाकून पोटाला हात घातला आणि चटकन मागे घेतला.

“अहो, हा तर तापलेला आहे.”

“आहेच,” आत्या ताटावरून मान वर न करता म्हणाली.

“मग गार झाल्यावर नेतो.”

“हो, गार झाला की न्या.”

भाच्याने आत्याकडे पाहिलं, भंगारवाल्याकडे पाहिलं आणि फाटक लावून घेतलं.

याला आता आठ महिने झाले. सगळे जमतात तेव्हा विस्तव मी करतो आणि रांधतो तो. त्याचा मी चाकर नाही. माझ्याशिवाय त्याची चूल पेटत नाही, हे त्याने काट्यावर लिहून ठेवावं. दगड माझ्याकडेच आहे, त्याला दुसरा शोधलाय.

आणि बाकीच्या रविवारी? भंगारवाला आता दहाला येतो. नऊ वाजता आत्या माझ्यात अर्धं घमेलं कोळसा पेटवते आणि जाळीवर दोन बटाटे टाकते. बटाटे तिला चालत नाहीत, डॉक्टरने बजावून सांगितलंय. तरी भाजते, आणि सून ते मीठ लावून खाते. भंगारवाला फाटकाशी थांबतो, “झाला का गार?” विचारतो, आणि हसत पुढे जातो.

माझ्या तळाला राख साचून साचून एका जागी भोक पडायला लागलंय. आत्याने ते पाहिलंय, कारण परवा तिने आतून त्यावर एक पत्र्याचा तुकडा ठेवला. वेल्डर असता तर दोन ठिणग्यांत सांधलं असतं. तो नाही. किती दिवस निघतील, मला माहीत नाही, आणि मी कोणाची दया मागायला बोलायला लागलो नव्हतो.

आज रविवार आहे. बटाटे जाळीवर आहेत, आणि गल्लीच्या टोकाला हाक ऐकू येतेय. येऊ दे त्याला. हात लावून बघ म्हणावं.