साठ अंजिरांचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ. माझे पाते झिजून हाताच्या पंजाएवढे उरले आहे आणि हा दांडा चौथा आहे. लोक म्हणतात, लोखंडाला राग नसतो. माझी हकिगत ऐका, मग ठरवा.

१९४१ साली श्रीगोंद्याच्या भीमा लोहाराने मला घडवले. लोखंड बैलगाडीच्या मोडक्या धावेचे होते, पण त्याने पाणी असे दिले की मुरमातही माझी धार वाकत नसे. बाबाजान बागवान मला घरी घेऊन गेले. वर्षभरात त्यांना हिवतापाने नेले आणि त्यांच्या बायकोने, इमामबीने, मला उचलले. पदरी मूलबाळ नव्हते. हाताला मऊपणा राहिला नव्हता. ती पहाटेची नमाज झाली की मला खांद्यावर टाकून विहिरीजवळच्या रानात येई.

तिचा धाकटा दीर गनीभाई शेजारीच राहत असे. त्याची अंजिराची रोपवाटिका सगळ्या तालुक्यात नावाजलेली होती. भावाचा चाळिसावा झाल्यावर तो इमामबीकडे आला आणि अगदी मवाळ आवाजात म्हणाला, "भाभी, नदीकाठचा मळईचा तुकडा तुझ्याच्यानं निभायचा न्हाई. तो मला दे. बदल्यात साठ अंजिराची रोपं देतो. मीच हातानं वाढवलेली हायत."

मळईची, नदीच्या गाळाची जमीन म्हणजे लोण्यासारखी. तरी तिने दिली. धाकट्या दिराचा शब्द होता.

साठ खड्डे मीच खणले. रोपे ओल्या गोणपाटात गुंडाळून, मुळांना मातीचे गोळे लिंपून आली होती. इमामबी प्रत्येक रोप लावताना 'बिस्मिल्ला' म्हणे. मला त्या साठही खड्ड्यांचा अभिमान होता. तिसऱ्या वर्षी पहिली फळे धरली, मधासारखी गोड, आणि नगरहून आलेले व्यापारी बाग बघून माना डोलवून गेले.

पुढच्याच वर्षी बाग उतरली. पाने पिवळी पडली, फळे सुपारीएवढी होऊन गळू लागली. भर पाण्यात उभी झाडे दुपारी तहानल्यासारखी माना टाकत. इमामबीने शेणखत घातले, पाण्याच्या पाळ्या वाढवल्या, पीरसाहेबाला चादर बोलली. झाडे खंगतच गेली.

एक दिवस तिने मला एका मरत्या झाडाच्या बुंध्याशी घातले आणि मूळ वर काढले. मुळावर गाठीच गाठी होत्या, आल्याच्या कुडीसारख्या. ते मूळ पदरात बांधून, मला खांद्यावर टाकून ती शामकांत मास्तरांकडे गेली. मास्तर शेतकी शाळेत शिकवून घरी बसले होते. त्यांनी गाठ ब्लेडने चिरली, भिंग लावले आणि तिच्याकडे सरकवले.

"बघा. पांढरे ठिपके दिसतात? किडे आहेत. पिल्ले तर भिंगातूनही दिसत नाहीत. मातीत राहतात, मुळात शिरून रस पितात."

"माझ्या मातीत आले कुठनं?"

"बहुधा रोपांबरोबर. मुळाला लागलेल्या मातीतून येतात, पाटाच्या पाण्यातून जातात, अवजाराला चिकटूनही जातात."

ती घरी परतताना बांधावर सहादेव भेटला. तो गनीभाईकडे सालाने होता. तिने मूळ त्याच्यापुढे धरले, तसा त्याचा चेहरा पडला.

"चाची, खोटं बोलवत न्हाई. त्या वाफ्यातली रोपं मालकांनी पारनेरच्या गिऱ्हाईकाला दावली हुती. त्यानं गाठी बगून परत केली. मालक म्हणाले, जाळू नको, भाभीच्या वाटणीला टाक. आन् मुळाला माती लिंपाया लावली."

मित्रांनो, त्या क्षणी इमामबीने माझा दांडा इतका घट्ट आवळला की लाकूड कुरकुरले. साठ खड्डे मी खणले होते. ते विष माझ्याच हातून पेरले गेले होते!

 पाचव्या दिवशी, टळटळीत दुपारी, तिने गाठाळलेल्या मुळांनी पाटी भरली, वर आजारी झाडांखालची माती टाकली आणि आम्ही गनीभाईच्या पाटाच्या तोंडाशी गेलो. त्याने मळईत डाळिंबे लावली होती, नवी, हिरवीगार. पाटाच्या तळाशी हातभर खड्डा, त्यात ही पाटी, आणि पुढचे काम पाणीच करणार होते. तिने मला वर उचलले. मी खरे सांगते, मी एवढ्या हौसेने मातीत कधीच उतरले नव्हते. तीन घावांत खड्डा झाला.

"काय करतीस गं इमामबी?"

खालच्या अंगाला मुक्ताबाई पाटातला गाळ काढत उभी होती. गनीभाईच्या बागेतून उरलेले पाणी तिच्या दहा पेरूच्या झाडांना जाई. परटीण होती ती. नवरा आंधळा, आणि त्या दहा झाडांवर दोघांचे पोट.

"पाट फुटला का काय?" मुक्ताबाईने विचारले. "थांब, मी येती हात लावाया."

पाटाचे पाणी कुठवर जाते ते इमामबीने मुक्ताबाईच्या पेरूंपर्यंत नजरेने न्याहाळले. मग खड्डा बुजवला.

"न्हाई. काई न्हाई. वाईच ढेकूळ अडकलं हुतं."

मला तेव्हा तिचा राग आला. घरी आल्यावर तिने ती पाटी चुलाणात रिकामी केली आणि शेवटचे मूळ राख होईपर्यंत तिथून हलली नाही. "आदी ह्या किड्यांचा निकाल," ती दात खाऊन म्हणाली. "मंग त्याचा."

तो सूड मी कधी विसरणार नाही. मास्तर सांगत आणि आम्ही करत असू. अगदीच गेलेली तेरा झाडे मुळासकट उपटून जाळली. चैत्र-वैशाखात ती मोकळी जागा तीनदा खणून उलथीपालथी केली, पाण्याचा थेंब न देता. उन्हाने माती अशी तापली की अनवाणी पाऊल टिकेना. इमामबी ढेकळे फोडताना प्रत्येक घावाला म्हणे, "मर तहानेनं! मर!" उरलेल्या झाडांच्या आळ्यांत लिंबोळीची पेंड घातली. दसऱ्यासाठी लावलेल्या झेंडूजवळची दोन झाडे हिरवी राहिली आहेत हे तिच्याच नजरेस आले होते, म्हणून सगळ्या बागेत झेंडू लावला. आजारी झाडाचे पाणी चांगल्याकडे जाऊ नये म्हणून पाट वेगळे केले. बागेच्या तोंडाशी दगडी डोणी ठेवली. येणाऱ्याने पाय आणि अवजार धुवायचे, मगच आत पाऊल टाकायचे.

गनीभाई चारचौघांत हसला. "आमची भाभी अंजिरालाबी नमाजाआधीचा वजू शिकवती!"

तो स्वतः रोपवाटिकेतल्या चिखलाचे फावडे तसेच डाळिंबात नेत असे. इमामबी ते बांधावरून बघे. एका शब्दाने ती त्याला सावध करू शकली असती. तिने तो शब्द उच्चारला नाही. मीही तिच्या बाजूने होते.

दोन वर्षांत सत्तेचाळीस अंजिरांनी पुन्हा पाने धरली. १९४९ च्या उन्हाळ्यात गनीभाई डोणीपाशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातातल्या फडक्यात डाळिंबाचे मूळ होते. गाठीच गाठी.

"भाभी, झाडं चाललीत. उपाय सांग."

इमामबीने मास्तरांना, सहादेवला, मुक्ताबाईला बोलावून घेतले. सगळे जमेपर्यंत त्याला उन्हात उभे ठेवले.

"आता बोल, गनीभाई. मला रोपं दिलीस तवा गाठी ठाऊक हुत्या का न्हाई?"

त्याने फडके पुन्हा मुळाभोवती गुंडाळले.

"हुत्या."

"कुनाला दिलीस?"

"तुला. मोठ्या भावाच्या बेवा बायकोला."

तिने मला त्याच्यापुढे टाकले. "ही घे. गेलेली झाडं तुझी तू उपट. गडी लावायचा न्हाई. मुक्ताबाईच्या पेरूकडं जानारं पानी आजच तोड. तिला विहिरीवरनं वेगळा पाट तू काढून द्यायचा. मंग पेंड किती, झेंडू कसा, समदं सांगती."

नऊ दिवस तो माझ्याने खणत होता. त्याच्या हातांना फोड आले, फुटले, दांडा चिकट झाला. इमामबी रोज बांधावर येऊन बसे. फुले धरलेली डाळिंबे आडवी होताना मला आनंद झाला, मित्रांनो. ते लपवून काय उपयोग?

नवव्या दिवशी, मुक्ताबाईच्या नव्या पाटात पाणी सुटल्यावर, तो बांधाखाली येऊन उभा राहिला.

"भाभी, आता तरी मनातनं काढ."

"तुझी झाडं बरी हुतील, गनीभाई," इमामबी उठत म्हणाली. "मी न्हाई झाले."

आणि ती निघून गेली.

मित्रांनो, मी आता कोपऱ्यात गंजत पडले आहे. एवढेच मागते. कुणाला रोप द्याल, तर मुळे धुऊन, उघडी दाखवून द्या. एका रानातली माती दुसऱ्या रानात नेण्याआधी अवजार घासून घ्या. मातीतली कीड उन्हाने, पेंडीने हटते. तिला मी माझ्या पात्याने हटवले आहे. इमामबीच्या मनापर्यंत मात्र माझे पाते कधी पोचले नाही.