मोदकावर पडलेला थेंब

मी एक जुना एक्झॉस्ट फॅन आहे, मित्रांनो. मुलुंडच्या एका सोसायटीत, दशरथच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर बसवलेला. एक्क्याऐंशी साली आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. बांगडे तळले, फोडण्या पडल्या, सगळा धूर मीच बाहेर काढला. तेल मात्र माझ्या अंगावर राहिलं.

दशरथ कारखान्यात फिटर. मशीनच्या देखभालीचं बक्षीस त्याला दोनदा मिळालेलं. त्याची बायको वनमाला दर दिवाळीला म्हणे, "अहो, पंखा उतरवून द्या, मी धुते."

"पंख्याला काय धुवायचं? हवा टाकतोय ना?"

पाच दिवाळ्या हेच ऐकलं. मला फार राग आला. या माणसाला एकदा तरी माझ्यासमोर मान खाली घालायला लावायची, असं मी ठरवलं.

सत्त्याऐंशीच्या गणपतीत त्याने फोरमन विन्सेंटसाहेबांना जेवायला बोलावलं. तेव्हा कुठे त्याला माझी लाज वाटली. पण उतरवायचा कंटाळा! त्याने चिकट तेलावरूनच पांढऱ्या ऑइलपेंटचा हात फिरवला.

बाहेरच्या खोलीत मखर, म्हणून पाट स्वयंपाकघरात मांडले. साहेब नेमके माझ्याखाली बसले. मोदकपात्राच्या वाफेने रंगाखालचं तेल सुटू लागलं. साहेबांनी मोदक फोडला, वनमालाने तूप वाढलं आणि मी काळा थेंब त्यावर सोडला.

साहेबांनी वर पाहिलं. दशरथ घाईने म्हणाला, "बायकोला किती वेळा सांगितलं साहेब, पुसत जा म्हणून."

वनमाला तुपाची वाटी हातात धरून उभी राहिली. मला ते सहन झालं नाही. दुसरा थेंब मी दशरथच्या इस्त्रीच्या शर्टावर टाकला.

साहेब माझ्या फुगलेल्या रंगाकडे बघत होते. "दशरथ, ग्रीसवर रंग मारणाऱ्याला तू कारखान्यात काय म्हणतोस रे?"

दशरथने मान खाली घातली. "कामचोर, साहेब."

पुढच्या रविवारी त्याने मला उतरवलं. धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात दुपारभर घासलं. वनमाला चहा पीत शेजारी बसली होती. तिने पात्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "परत घासा."

मित्रांनो, महिन्यातून एकदा बटण बंद करून आमच्यावर साबणाचं फडकं फिरवा. एवढंच मागणं आहे. मी आज स्वच्छ आहे. पण मोटारीच्या मागे, जिथे दशरथचा हात पोचला नाही, तिथे एक थेंब मी जपून ठेवला आहे. गणपती दरवर्षी येतात.