मोहफुलांचा केक

मित्रांनो, मी एक जुना छोटा हत्ती आहे. घाबरू नका, मला सोंड नाही! चार चाकांच्या लहान मालगाडीला आमच्या भंडाऱ्याकडे छोटा हत्ती म्हणतात. उमेदीची वर्षे मी श्यामराव व्यापाऱ्याकडे काढली. भंडाऱ्याच्या दुकानातली पितळेची भांडी गावोगावी पोहोचवणे हे माझे काम. खड्ड्यातून जाताना हंडे-घागरींचा असा काही आवाज होई, की लोक लग्नाची वरात आली म्हणून दारात येत. पुढे माझे इंजिन धापा टाकू लागले आणि श्यामरावांनी मला विकून टाकले. मला वाईट वाटले, पण म्हाताऱ्या गाडीला विचारतो कोण?

सानगडीच्या धनंजयने मला घेतले ते त्याच्या बायकोसाठी. तिचे नाव रुपा. तिने भंडाऱ्याला केक करायचे शिक्षण घेतले होते. दोघांनी माझ्या कुशीत खिडकी कापली, आत गॅसवरची भट्टी बसवली आणि मला चक्क गुलाबी रंग दिला. पितळेची भांडी वाहिलेला मी, मला आधी फार लाज वाटली. पण पहिल्याच बाजारी केकचा वास सुटला, पोरे भोवती जमली आणि माझी लाज पळाली.

आमच्या भागात तेव्हा कपकेक कुणी पाहिला नव्हता. लोक त्याला वाटीकेक म्हणत. पहिल्या दिवशी चंद्रभागाबाई नावाच्या आजींनी तो कागदासकट खाल्ला आणि वर म्हणाल्या, "गोड आहे ओ, पन साल चिवट आहे." रुपा खिडकीत बसून पोट धरून हसली. तिचे ते हसू मला फार आवडे.

रुपाचे माहेर दिघोरीचे. दिघोरीच्या बाजारी मी उभा राहिलो की तिचे वडील सुखराम यायचे. माझ्या पायरीवर बसायचे, घरून आणलेले तांदूळ, भाजी लेकीच्या हाती द्यायचे. पण केक कधी खाल्ला नाही. लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचे अन्नपाणी घेऊ नये, अशी त्यांची रीत. रुपाच्या लग्नाला आठ वर्षे झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता.

सुखरामांनी लहानपणी जंगलात मोहफुले वेचली होती. म्हणून रुपाने खास त्यांच्यासाठी मोहफुलांचा केक बनवला. तो इतका छान झाला की लोकांनी ताट रिकामे केले. सुखराम मात्र नुसता वास घेत बसले.

"खा ना बाबा," रुपा म्हणाली. "हे काय माह्यं घर आहे? गाडी आहे."

"तुही गाडी म्हंजे तुहं घरच," सुखराम म्हणाले. "पन पैसे घेशीन तं खाईन. मंग ते दुकानातलं झालं."

"बापाजवळून पैसे घेऊ? मी काय परकी आहो?"

झाले! ते फुकट खाईनात, ती पैसे घेईना. चार वर्षे हा वाद चालला. धनंजय मधे पडायचा, "मामाजी, एक घास खाल्ल्यानं काय होते?" सासरे नुसते हसायचे. मलाही हसू यायचे. जसा बाप तशी लेक, असे मी मनात म्हणायचो. आज त्या हसण्याची मला शरम वाटते.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळीच एका गिऱ्हाईक बाईने रुपाला विचारले होते, "अजून काई नाही का ओ?" खाली मान घालून रुपा भांडी घासत राहिली. दुपारी सुखराम आले. पायरी चढताना त्यांनी माझ्या दाराला धरले. त्या दिवशी त्यांनी आपणहून वीसची नोट पुढे केली.

"पोरी, आज मले खाऊनच पाहू दे. घे हे पैसे."

रुपाचा हात थोडा पुढे आला. मी पाहिले आहे, आला होता. मग तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ती तडकली, "मले लेकरू नाही, हे तुमी बी दर बाजारी कायले आठवन देता बाबा? खाचा असन तं बापावानी खा. नाही तं राहू द्या."

सुखरामांनी नोट खिशात ठेवली. "बरं बाई, रागावू नोको," एवढेच म्हणाले आणि हळूहळू बाजारातून निघून गेले. रुपाने दोनदा खिडकीतून वाकून पाहिले, पण हाक मारली नाही. मित्रांनो, मला हॉर्न आहे. पण तो माझा मी वाजवू शकत नाही.

नऊ दिवसांनी शेतात धानाची रोवणी चालू असताना सुखराम बांधावर बसले ते उठलेच नाहीत.

रुपाने भट्टी विझवली. सानगडीला घराच्या बाजूला मला उभे केले आणि वर ताडपत्री टाकली. दोन महिने माझे दार कुणी उघडले नाही. कोंबड्या माझ्या बोनेटवर झोपू लागल्या, गुलाबी रंगाचे पापुद्रे सुटले. धनंजय समजावून थकला. रुपा अंगणात यायची आणि माझ्याकडे न पाहताच परत जायची. तिचा राग माझ्यावर नव्हता, तरी मला तो लागायचा.

एक दिवस तिची आई शकुनबाई एस.टी.ने आली. पाणीसुद्धा न मागता ती माझ्या पायरीवर बसली.

"तुहे बाबा घरी येऊन सांगत," ती म्हणाली, "पोरीच्या गाडीचा वास लय गोड येते मनून. मी बी कवा खाल्लं नाही. गाडी बंद नोको ठेवू ओ."

रुपाने ताडपत्री ओढून काढली. कोंबड्या ओरडत पळाल्या. तिने भट्टी पेटवली, मोहफुलांचे केक केले आणि एक आईसमोर धरला. शकुनबाईने हात मागे घेतला. शेवटी तीही त्याच रीतीत वाढलेली. शेजारच्या बायाही गोळा झाल्या होत्या. आणि त्या सगळ्यांसमोर रुपाने दुसरा हात पसरला.

"आई, वीस रुपये दे."

"अगा बाई! सख्ख्या मायजवळून पैसे मागते!" कुणीतरी म्हणाले. रुपाने हात मागे घेतला नाही. शकुनबाईने पदराची गाठ सोडली, पैसे तिच्या तळहातावर ठेवले आणि केक घेतला. कागद काढून सावकाश खाल्ला. कणही सांडू दिला नाही.

"त्यायले आवडलं असतं," ती म्हणाली.

रुपा तिथेच, भट्टीजवळ खाली बसली. पैसे मुठीत धरून ती लहान मुलीसारखी रडली, आणि शकुनबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मित्रांनो, आता मी पुन्हा बाजाराला जातो. मला धुवा, पुसा, रंग द्या, असे मी सांगणार नाही. माझ्या गंजाचे काय ते पुढे पाहता येईल. पण आपले माणूस तुमच्या हातचे खायला आले आणि त्याने एखादी वेडीवाकडी अट घातली, तर आधी त्याला घास द्या. वाद मग घाला. दिघोरीच्या बाजारी रुपा अजूनही एक केक बाजूला काढून ठेवते आणि माझी पायरी स्वतः पुसते. संध्याकाळपर्यंत तिथे कुणी बसत नाही.