ठिपक्यामागच्या फायली

दृष्टिहीनांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या त्या स्टुडिओत संगणकांची सगळी व्यवस्था वहिनी पाहायची. स्टुडिओ तिच्या धाकट्या नणंदेचा. वहिनीला जन्मापासून दिसत नव्हतं. पडद्यावरचं सगळं संगणक तिच्या कानात वाचून दाखवी, तेही इतक्या वेगानं की दुसऱ्याला नुसती गुणगुण वाटावी.

स्टुडिओतले सर्वांत थोरले वाचक निवृत्त झाले. मुख्य संगणकावर प्रत्येक वाचकाला स्वतःचा फोल्डर होता. त्याला सगळे ‘घर’ म्हणत. थोरल्यांचं घर आता नव्या वाचिकेच्या नावावर करायचं होतं. वहिनीनं चांदणीची खूण, म्हणजे ‘कोणतंही नाव’, वापरून आतल्या सगळ्या फायली तिला दिल्या. तरी वाचिका तक्रार घेऊन आलीच, "आवाजाच्या सेटिंग्ज उघडतच नाहीत हो."

वहिनीच्या लक्षात आलं. ज्या फायलींचं नाव ठिपक्यानं सुरू होतं त्या लपलेल्या असतात, नुसत्या चांदणीला सापडत नाहीत. म्हणून तिनं ‘ठिपका चांदणी’, म्हणजे ठिपक्यानं सुरू होणारं कोणतंही नाव, असं देऊन यादी मागवली. सेटिंग्जच्या फायली ऐकू आल्या. यादी लांबतच चालली, तसं तिनं संगणकाचं तोंड बंद केलं आणि त्याच खुणेनं आतल्या-खालच्या सगळ्याची मालकी बदलण्याचा हुकूम सोडला.

थोड्याच वेळात एकेका खोलीचं दार उघडू लागलं. कुणाचंच ध्वनिमुद्रण साठवलं जाईना. नणंद धावत आली. "अगं वहिनी, माझंसुद्धा घर नव्या वाचिकेच्या नावावर झालंय!"

वहिनीनं तीच यादी पुन्हा लावली आणि या वेळी पुढे ऐकत गेली. सेटिंग्ज संपल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं सुरू झाली. संगणकाच्या भाषेत दोन ठिपके म्हणजे वरचा फोल्डर, सगळ्यांची घरं ज्यात आहेत तो. त्याचंही नाव ठिपक्यानंच सुरू होतं, म्हणून तोही खुणेत बसला होता. एक घर द्यायला गेली आणि अख्खी गल्ली देऊन बसली होती.

वाचक दारात जमले होते. नणंद सावरून घ्यायला गेली, "तिला दिसत नाही, होतं असं कधी कधी..."

"दिसत नाही म्हणून नाही झालं," वहिनी म्हणाली. "यादी पूर्ण ऐकली नाही म्हणून झालं. घाई माझी."

नणंदेला ते लागलं असावं. ती वाचकांना घेऊन बाहेर गेली.

फोल्डरांना वाचकांचीच नावं होती, म्हणून निभावलं. ज्याचं घर त्याला, असं करत वहिनीनं मालकी परत लावली. मग थोरल्यांच्या घरात येऊन तिनं खूण बदलली: आधी ठिपका, मग चौकटी कंसात ‘ठिपका सोडून कोणतंही अक्षर’, मग चांदणी. वाचनाचा वेग कमी केला आणि यादी शेवटपर्यंत ऐकली. वरच्या फोल्डरचा मागमूस नव्हता. तेव्हाच तिनं हुकूम दिला.

दुपारची सगळी ध्वनिमुद्रणं मात्र बुडाली होती. संध्याकाळी नणंद तिच्याजवळ येऊन बसली.

"यापुढे असे हुकूम द्यायच्या आधी दुसऱ्या कुणालातरी दाखवायचे. मलासुद्धा."

"दाखवीन," वहिनी म्हणाली.

"आणि मी मघाशी जे बोलले ते..."

"कळलं गं मला. चल, बुडालेलं पुन्हा वाचायला उद्याच्या खोल्या कुणाकुणाला द्यायच्या ते ठरवू."