पडद्यामागचं आमीन

तेहरानच्या त्या गल्लीत करबलेचं आख्यान गावं ते मुल्ला सैफुल्लांनीच. त्यांनी सूर लावला की चहाचे पेले हातातच निवत. पण आज पडद्यामागे बायकांत बसलेल्या गुलअंदामला आपल्याच नवऱ्याचा सूर सोसवत नव्हता.

शहानं तोफा डागून लोकांनी निवडलेली मजलिस पाडली, त्या दिवशी तिथे पहाऱ्याला उभा असलेला त्यांचा मुलगा यदुल्ला पकडला गेला. आज सकाळी पलटणीचा अंमलदार दारात आला होता.

"मुल्लाजी, मजलिस भरल्यापासून आख्यानाच्या शेवटी शहासाठी दुआ मागायची रीत तुम्ही विसरलात. आज आठवा. सगळ्यांचं आमीन माझ्या कानांवर आलं, तर पोरगा उद्या घरी."

"आणि नाही आलं तर?"

"दोरखंडाला आमच्याकडे काय तोटा?"

"अहो, मागून टाका," गुलअंदाम रडत म्हणाली होती. "अल्लाला मनातलं कळतं."

"त्याला कळतं गं. गल्लीला कसं कळायचं?"

आता अंमलदार बूट न काढता पुढेच बसला होता. करबलेतल्या तान्ह्या बाळाच्या तहानेवर सगळे ढसाढसा रडले. ते पाणी खरं होतं. मग मुल्लांनी हात वर केले.

"या अल्ला, शहाला..." त्यांची नजर अंमलदाराच्या बुटांवर गेली. "शहाला उदंड आयुष्य दे."

पुरुष खाली बघत जपमाळ ओढत राहिले.

गुलअंदामनं तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारी झरीनताज होती. तिचा नवरा मजलिसीच्या दारात तोफेनं गेला होता.

"म्हण की," झरीनताज कुजबुजली.

"तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं म्हणू, बाई?"

झरीनताजनं तिचा हात घट्ट धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आमीन!"

पडद्यामागून बायकांचं आमीन उठलं. मग ओशाळल्यासारखं पुरुषांचंही.

अंमलदारानं मिशी पिळली. "बघा, प्रजा अजून शहाचीच आहे!"

मुल्ला मिंबराच्या, त्या उंच आसनाच्या, पायऱ्या उतरले. एरवी बाहीचं चुंबन घ्यायला झुंबड उडे. आज माणसं बाजूला सरली.

गुलअंदाम झरीनताजच्या हातावर डोकं टेकायला वाकली, तर तिनं हात काढून घेतला होता. चादरीला तो पुनःपुन्हा पुसत होती.

"पोर येऊ दे सुखरूप," ती म्हणाली. "फक्त माझ्या दारावरून नेऊ नकोस."