झेब्युलनचा डावा कान

माझ्या नवऱ्याच्या, हॉइटच्या घराण्यात एक कान आहे. म्हणजे नाहीये, आणि तीच त्याची थोरवी. हॉइटचा मूळपुरुष झेब्युलन स्टॅलर्ड, त्याचा डावा कान अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या तलवारीनं उडाला आणि तशाच रक्तबंबाळ अवस्थेत त्यानं म्हणे त्यांचे दोन शिपाई लोळवले. मी लग्न होऊन आले तेव्हा दोनच होते. सासऱ्यांनी मरेपर्यंत पाच केले. हॉइटनं आठावर नेलेत, आणि नातवंडं जेवायला आली की आणखी एखादा पडतो. मी आपली मक्याची भाकरी वाढत राहते.

आमच्या गावात कोर्टासमोरच्या हिरवळीवर एक दगड होता. टेनेसीचं राज्य होण्याआधी, म्हणजे सतराशे शहाण्णवच्या आधी जी घराणी इथं येऊन राहिली, त्यांची नावं त्यावर कोरलेली. स्टॅलर्ड त्यात नाहीत. हॉइटच्या आजोबांनी अर्ज केला, वडिलांनी केला, दोघांनाही उत्तर एकच, पुरावा आणा. सासरे गेले तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशात तो नामंजूर अर्ज निघाला. मी ते विसरलेले नाही आणि हॉइट तर नाहीच नाही. एरवी हा माणूस स्वतःची कवळी कुठं ठेवली ते विसरतो.

मागच्या वर्षी गवत कापायच्या ट्रॅक्टरनं धडक देऊन तो दगड फोडला. नवा घडवायचा ठरला, आणि समितीच्या अध्यक्षीण विनिफ्रेडबाई गोफोर्थ यांनी जाहीर केलं की आता सगळ्यांनी नव्यानं पुरावा द्यायचा आणि यानंतर दगडावर एकही नाव चढणार नाही. वर नियम केला. घरातलं बायबल चालणार नाही, आजीच्या गोष्टी चालणार नाहीत. शिरगणतीचा नाहीतर कोर्टाचा कागद हवा, आणि ज्याचा त्यानं तो समारंभात मोठ्यानं वाचून दाखवायचा. आमच्याकडं बायबलाशिवाय काही नाही हे गावाला ठाऊक होतं. नियम कोणासाठी केला ते सांगायला नको.

"बाईला वाटतं मी घाबरेन," हॉइट म्हणाला. वय एक्क्याऐंशी, गुडघे गेलेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून गडी तयार.

शिरगणतीनं आम्हाला रडवलं. आमच्या भागातल्या पहिल्या चार शिरगणत्यांचे कागद कुठं जळले, कुठं हरवले, देव जाणे. पाचवीत झेब्युलन सापडला, पण ती अठराशे तीसची. तीत घरच्या कर्त्याचंच नाव, बाकी सगळ्यांच्या नुसत्या रेघा. त्याची बायको म्हणजे एक रेघ. डझनभर पोरं काढून बिचारीच्या वाट्याला रेघ आली, म्हणून मी तिथंच दोन शब्द बोलून घेतले.

मग कोर्टाचं तळघर. कामकाजाच्या जुन्या वह्या, करड्या शाईतलं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर. कोणाच्या डुकरांच्या कानाला कोणती खूण, कोणी रविवारी शिव्या दिल्या, कोणी रस्ता दुरुस्त केला नाही. हॉइट नाक कागदाला टेकवून वाचायचा आणि मी शेजारी विणत बसायची. असे बरेच दिवस गेले. मग एकदा तो हळूच म्हणाला, "सापडला. सतराशे त्र्याण्णव."

मी चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून वाचलं.

"झेब्युलन स्टॅलर्ड कोर्टात हजर होऊन नोंद करवून घेतो की त्याच्या डाव्या कानाची पाळी गिरणीवरच्या मारामारीत दातांनी तोडली गेली. मलाकाय गोफोर्थ शपथेवर सांगतो की ते दात त्याचे होते."

मी इतकी हसले की वरून कारकून बाई बघायला आली.

"हसू नकोस," हॉइट म्हणाला.

"हसत नाहीये. त्या आठ शिपायांसाठी रडतेय."

कारकून बाईनं समजावलं. त्या काळी डुक्करचोराचा कान कापायचे. एकदा कान तुटका दिसला की माणूस जन्माचा चोर. म्हणून भांडणात कान गेलेला भला माणूस धावत कोर्टात यायचा आणि लिहून घ्यायचा की बाबांनो, हा कापलेला नाही, चावलेला आहे. अशा नोंदी बऱ्याच आहेत म्हणाली. हॉइटला त्यानं काडीचं समाधान झालं नाही.

घरी येताना गाडीत तो म्हणाला, "हा कागद द्यायचा नाही."

"अरे, नाव लागेल दगडावर. तुझ्या वडिलांचं काय?"

"आणि वाचायचं कोणी? सगळ्या गावासमोर, नातवंडांसमोर? आमचा थोर पुरुष गिरणीवर दळण टाकायला गेला आणि गोफोर्थ त्याला चावला?"

त्यानं कोर्टातून आणलेली नक्कल टॉवेलांखाली लपवली आणि जेवण टाकलं. नाव हवं तर गोष्ट जाते, गोष्ट ठेवावी तर नाव जातं. पोराचा हट्ट असता तर मी दोन धपाटे दिले असते. पण त्याचा चेहरा बघून मी त्याचं ताट झाकून ठेवलं.

अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी दारात विनिफ्रेडबाई. हातात वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक. चाळीस वर्षांत ही बाई आमच्या घरी रिकाम्या हातानंसुद्धा आली नव्हती.

"नोव्हेला, कोर्टातली बाई म्हणाली, तुम्हाला आमच्या मलाकायचं नाव सापडलंय."

"सापडलंय की. बस."

"न्यायाधीशांत होता?"

"नाही."

"ज्यूरीत तरी?"

"साक्षीदार होता," मी म्हटलं. "फार जवळून बघितलं होतं त्यानं सगळं."

हॉइटनं माझ्यावर डोळे वटारले. मी केक कापायला घेतला.

"तुला कशाला हवाय आमचा कागद?" त्यानं विचारलं. "तुमचं बायबल आहे ना, पितळी कडीचं?"

"बायबल चालत नाही."

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणते," बाई म्हणाल्या, आणि खुर्चीत जरा खाली सरकल्या. "मला वाटलं होतं, मलाकायसारख्या माणसाचं नाव कोर्टात पानोपानी असेल. एक पान नाही रे. जुन्या दगडावर सगळ्यात वर होता तो. उद्या नव्या दगडावर नसेल, आणि ते माझ्या हातून झालेलं असेल."

हे ऐकल्यावर मी उठले आणि टॉवेलांखालची नक्कल आणून तिच्यापुढं ठेवली. हॉइट "अगं, अगं" करत राहिला. बाईंनी वाचलं. मानेपासून कपाळापर्यंत लाल झाल्या.

"हे वाचायचं? मी? तो चर्चचा कारभारी होता."

"कारभार चांगलाच केलेला दिसतोय," हॉइट म्हणाला.

बाईंनी परत वाचलं, या वेळी बोट ठेवून. केकचा तुकडा तसाच राहिला.

"हॉइट, त्याला यायची गरज होती का रे कोर्टात?"

"कोणाला?"

"मलाकायला. गप्प बसला असता तर तुमचा झेब्युलन जन्मभर डुक्करचोर म्हणून फिरला असता. भांडण तर होतंच. तरी हा पुढं आला आणि शपथेवर म्हणाला, दात माझे, हा माणूस चोर नाही."

माझा नवरा सहजासहजी हरत नाही. पण त्यानं तिची बशी तिच्याकडं सरकवली आणि म्हणाला, "केक खा. वाळलाय तुझ्यासारखा." आमच्याकडं याला समेट म्हणतात.

"वाचणार कोण?" मी विचारलं.

"चावला कोण?" हॉइट म्हणाला.

समारंभाला सगळं गाव होतं. आमची नातवंडं पहिल्या रांगेत, आजोबांच्या शिपायांची वाट बघत. विनिफ्रेडबाई निळी टोपी घालून कोर्टाच्या पायरीवर चढल्या आणि एक अक्षर न गाळता वाचलं. कान वाचला, गिरणी वाचली. "ते दात त्याचे होते" इथं आवाज जरा फाटला, पण वाचलं. आधी कोणाला हसावं की नाही कळेना. मग त्या म्हणाल्या, "मलाकाय गोफोर्थची वारस म्हणून मीही सांगते. स्टॅलर्ड आमच्याइतकेच जुने आहेत आणि चोर नाहीत. एवढी वर्षं त्यांना बाहेर ठेवलं, ते आमचं चुकलं."

हॉइटनं खिशातून रुमाल काढला. रुमालाबरोबर एक जुना पिवळा कागद खाली पडला. सासऱ्यांचा अर्ज. तो त्यानं सोबत आणला होता, मला न सांगता. मी उचलून त्याच्या हातात दिला.

"आजोबा, मग शिपाई?" धाकट्या नातीनं विचारलं.

"शिपायांना कोणीही मारेल," हॉइट म्हणाला. "गोफोर्थांच्या शेजारी राहून दाखवा म्हणावं."

मग मिरवणूक निघाली. दगडावर नाव असलेल्यांना घोडागाडीत बसवतात. दोघांचा पुरावा एकच, म्हणून बाक एकच. विनिफ्रेडबाई नेमक्या त्याच्या डाव्या बाजूला आल्या. हॉइटनं डाव्या कानावर हात ठेवला आणि अख्ख्या रस्ताभर तो काढला नाही. दोन्हीकडून लोक हसत होते. औषधाच्या दुकानाशी गाडी वळली, तेव्हा विनिफ्रेडबाईंनी त्याच्याकडं मान वळवली आणि सगळ्या गावादेखत दात दाखवले.